वारीला लॅपटॉप न्यावा का?

बार्शीचा_बारक्या

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात काढावा ते कळेना. 'तंत्रज्ञान'मध्ये काढला तर पायाच्या फोडांवर उपाय मिळणार नाही आणि 'भटकंती'त काढला तर एसएसएचवर (दूरच्या सर्व्हरवर लांबूनच काम करायची सोय) मिळणार नाही. शेवटी इथंच टाकतोय.

मी पुण्यात वेब डेव्हलपर आहे, सहा वर्षं झाली. काम मुख्यतः फ्रंटएंडचं, पण टीम तिघांचीच असल्यामुळे सर्व्हरही गळ्यात आहे. तीन आठवड्यांतून एक आठवडा ऑनकॉल, म्हणजे काही बंद पडलं तर कधीही धावायचं. दिवस कसा जातो म्हणाल तर सकाळी साडेदहाचं स्टँडअप, मग व्हीएस कोड आणि फायरफॉक्स यांच्यात येरझाऱ्या. दुपारी डब्यातली थंड पोळी आणि संध्याकाळी 'आयफोनवर बटण कापलं जातंय' असा एक स्क्रीनशॉट. तो रोज येतो. बटण वेगळं असतं.

आजोबा माळकरी होते. दर ज्येष्ठात एसटीनं आळंदीला यायचे आणि माउलींच्या सोहळ्यात पंढरपूरपर्यंत चालायचे. माघात गेले. परवा गावी गेलो तर आजीनं त्यांचे टाळ माझ्यापुढं ठेवले. "एक वारी चाल. मग मी काही म्हणणार नाही." आजी असं म्हणते तेव्हा नंतर बरंच काही म्हणते, पण नाही म्हणता आलं नाही.

माझ्या श्रद्धेची सद्यस्थिती अशी: आमची डिप्लॉयची (नवा कोड सर्व्हरवर चढवायची) स्क्रिप्ट चालू झाली की पहिल्या ओळीत 'पुंडलिक वरदे' छापून येतं, ते मीच घातलंय. शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करायची पाळी आली तर ते मोठ्यानं वाचतो. यापलीकडं काही नाही. माळ नाही. एकादशी खिचडीपुरती.

रजा मंजूर झालीय, पण 'लॅपटॉप जवळ असू दे, लागला तर' या अटीवर. तर विचारायचं असं की लॅपटॉप चालतो का वारीत? चार्जिंग, रेंज यांचं काय? नेटशिवाय निभावणारी कुठली साधनं आधी भरून न्यावीत? डेव्हडॉक्स (प्रोग्रॅमिंगची संदर्भपानं) ऑफलाइन उतरवून घेतलंय, नोंदी ऑब्सिडियनमध्ये आहेत. आणि माळ नसलेल्याला दिंडीत घेतात का? पायात काय घालावं?

अवांतर: गेल्या वर्षी आजोबांना सोडायला जायचं म्हणून कॅलेंडरात 'आषाढी, ६ जुलै, दरवर्षी' असं घालून ठेवलं होतं. यंदा २०२६ ला अधिक ज्येष्ठ आलाय आणि एकादशी २५ जुलैला आहे. रजेचा पहिला अर्ज चुकीच्या तारखांचा गेला. सहा वर्षांचा अनुभव!

घाटावरचा

नेऊ नको. बूट नको, नवी चप्पल तर मुळीच नको. निदान दोन महिने वापरलेली सँडल. बाकी जाणकार सांगतीलच.

निरेकाठची

बारक्या, वर म्हटलंय तेच माझं उत्तर, पण मी जरा लांबण लावते, कारण मी लॅपटॉप नेला होता.

मी साताऱ्यात एकटीच काम करते. मंगल कार्यालयं, दवाखाने, दोन शाळा, एक रोपवाटिका अशी गिऱ्हाइकं. वर्डप्रेस आणि थोडं लारावेल (साइट बनवायची साधनं), सगळं दोन भाड्याच्या सर्व्हरवर. ऑफिस म्हणजे देवघराला लागून असलेलं टेबल, त्यामुळे आईची पूजा आणि माझे कॉल एकाच वेळी चालतात. गिऱ्हाइकांना घंटेची सवय झालीय. करोनात दोन वर्षं पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि त्यानंतरच्या पहिल्या पायी वारीला, २०२२ ला, आईनं मला ओढून नेलं. तेव्हापासून चालते.

त्या पहिल्या वर्षी लॅपटॉप घेतला. आता सामानाचं कसं असतं बघ. पहाटे तीन-साडेतीनला उठायचं, टँकरच्या नळाखाली अंघोळ, वळकटी आणि पिशवी ट्रकवर टाकायची. ट्रक पुढं निघून जातो, बऱ्याचदा दुसऱ्याच रस्त्यानं, आणि भेटतो थेट संध्याकाळी मुक्कामाला. म्हणजे ज्या वेळात ऑफिसातून फोन येईल त्या सगळ्या वेळात लॅपटॉप तुझ्याजवळ नसतोच. पाठीवर घेईन म्हणशील, तर पुणे ते सासवड हा तीसेक किलोमीटरचा टप्पा आहे आणि त्यात दिवे घाट. दीड किलोचा लॅपटॉप वडकी येईपर्यंत पाच किलोचा होतो. मी ट्रकवरच ठेवला, दोन पिशव्यांत गुंडाळून अंथरुणाच्या मधोमध. त्याच्यावर कुणीतरी ज्वारीच्या पिठाचं पोतं रेललं. पिशव्या फाटल्या. नीरेला उघडला तेव्हा कीबोर्डमधून जे करकरत होतं त्याच्या दोन भाकरी सहज झाल्या असत्या. 'ई'चं बटण आजही दोनदा दाबावं लागतं.

२०२४ ला शहाणी होऊन फक्त फोन घेतला. घाटाच्या पहिल्या वळणावर एका मंगल कार्यालयाच्या मालकांचा फोन आला. "ताई, साइट उघडली की धोक्याची पाटी येतीय. लोक म्हणतायत हॅक झाली." साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट संपलं होतं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि शेवटचे ३० दिवस उरले की सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम ते आपणहून नवं करून घेतो, म्हणून आपण निर्धास्त. इथं तो महिनाभर रोज प्रयत्न करत होता आणि रोज हात हलवत परत येत होता. कारण मीच. मे महिन्यात सर्व्हर कडेकोट करायच्या नादात फायरवॉलमध्ये ८० नंबरचं पोर्ट (सर्व्हरचं एक दार) बंद करून टाकलं होतं. सगळी वर्दळ ४४३ वरून आहे, ८० ठेवायचं कशाला, असा माझा हिशेब. पण पडताळणीसाठी त्यांचा सर्व्हर ८० वरच दार वाजवतो, हे त्या वेळी डोक्यात नव्हतं. मुदत संपत आल्याच्या मेल आल्या होत्या. त्या 'नंतर बघू' नावाच्या फोल्डरात सुखानं नांदत होत्या. (त्या मेल पाठवणं त्यांनी २०२५ पासून बंदच केलंय. तेव्हा मुदतीवर पहारा तुमचा तुम्ही लावा.)

कठड्यावर बसले. पावसाची भुरभुर, फोन पारदर्शक पिशवीत. टर्मक्स उघडलं, म्हणजे फोनमधून सर्व्हरला आज्ञा द्यायचं ॲप. घाटात हे एवढं माणूस, आणि रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या असतात त्याचा व्हिडिओ जो तो घरी पाठवतोय, त्यामुळे रेंज म्हणजे श्रावणातलं ऊन. साधं एसएसएच दोनदा तुटलं. मॉश (एसएसएचसारखंच, पण चिवट) बसवलेलं होतं म्हणून वाचले. रेंज गेली तरी ते मरत नाही, परत आली की होतो तिथून पुढं चालू. फक्त सर्व्हरवर यूडीपीची ६०००० ते ६१००० ही पोर्टं उघडी लागतात, ते घरूनच तपासून नीघ. टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं. हे ज्याला सुचलं त्याला माझ्याकडून पुरणपोळीचं जेवण. ओल्या अंगठ्यांनी ८० उघडलं, सर्टबॉट चालवला, एनजिनएक्सला, म्हणजे साइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, जागं केलं.

शेजारी एक मावशी डोक्यावरचं तुळशीवृंदावन मांडीवर घेऊन टेकल्या होत्या. "घरी कुणाचं बरं न्हाई का गं?" म्हटलं, नाही मावशी, काम आहे. "मंग एवढी थरथरतीस कशापायी?" आणि पदरानं माझा फोन पुसून दिला. पिशवीवरून.

पाटी गेल्याचा मालकांचा निरोप आला तेव्हा मान वर केली तर माझी दिंडी कुठल्या कुठं निघून गेलेली. उरलेला घाट परभणीकडच्या एका दिंडीबरोबर चढले. सासवडच्या तळावर पाय ठेवते तो पोलिसांच्या भोंग्यातून माझंच नाव. वय बेचाळीस, अंगात निळं जर्किन, आई पाण्याच्या टँकरजवळ वाट बघत आहेत. आई खरंच टँकरजवळ उभी होती, हातात माझी भाकरी. "फोन का नाही केलास?" "शंभरदा केला. लागेल तर शप्पथ." सर्व्हरला लागला होता, आईला नाही.

त्यानंतरच्या वर्षी काय केलं ते तुझ्या उपयोगाचं. कराडचा एक मित्र असलंच काम करतो. वारीत माझ्या साइट्स त्यानं बघायच्या, गणपतीत त्याच्या मी. ज्येष्ठी पौर्णिमेपासून माझ्याकडं काहीही नवं लाईव्ह होत नाही, गिऱ्हाइकांनाही तिथी पाठ झालीय. पासवर्ड बिटवॉर्डन या पासवर्डच्या तिजोरीत आणि आणीबाणीचा प्रवेश त्याला दिलेला. आणि एक वही लिहिली, म्हणजे साध्या मजकुराची फाइल. कुठला सर्व्हर कुठं, बॅकअप कसा परत आणायचा, डोमेन कुणाच्या नावावर. ती लिहायला तीन आठवडे लागले. आज्ञा लिहायला एक दिवस पुरला. बाकी सगळा वेळ 'हे फक्त मला माहीत आहे' असलं एकेक आठवण्यात गेला. अमुक दवाखान्याच्या डॉक्टरांना आधी फोन करायचा, मेल करायची नाही. शाळेच्या साइटवर निकालाच्या दिवशी काही हलवायचं नाही. अशा गोष्टी सहा वर्षांत कुठंच लिहिलेल्या नव्हत्या.

परत आले तर दोन जुनी प्लगइनं त्यानं काढून टाकली होती आणि एक साइट आधीपेक्षा पळत होती. खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं.

तुझी तर तिघांची टीम आहे. लॅपटॉप जवळ ठेवायच्या ऐवजी मॅनेजरना विचार की तुझा ऑनकॉलचा आठवडा कोण घेणार, आणि त्याला लागेल ते सगळं आत्ता लिहून दे. अधिक महिन्यानं एवढा वेळ दिलाय, तो वापर.

चार्जिंग: मुक्कामाला जनित्रावर वीस-वीस प्लगांचे बोर्ड लावलेले असतात. गावातली दुकानं आणि घरंही नाही म्हणत नाहीत. वीस हजारची पॉवर बँक घे. चार्जरला रंगीत दोरा बांध, सगळे काळे किंवा पांढरे असतात.

लोणंदकर

ताईंना +१. 'ई'चं बटण वाचून फुटलो.

मी पण एक दिवे लावलेत, ते सांगून टाकतो. आमच्या दिंडीसाठी पीडब्ल्यूए (फोनवर ॲपसारखी चालणारी साइट) केलं होतं. मुक्काम, अंतरं, हरिपाठ, सगळं एका पानात. सर्व्हिस वर्करनं (ब्राउझरात मागं चालणारी स्क्रिप्ट) सगळं फोनमध्ये साठवलेलं, रेंज नसली तरी चालणार, या विचारानंच मी खूश. देवनागरीसाठी 'मुक्त' फॉन्ट घेतला, नको ती अक्षरं छाटून हलका केला. दोन रविवार त्यातच गेले.

हरिपाठाचं पान कुणीही उघडलं नाही. उघडणार कशाला, सगळ्यांना पाठ. उघडलं ते मुक्कामाचं. आणि मी 'आधी साठवलेलं दाखव, मग नवं आण' असं लिहिलेलं, तेही अर्धवट. त्यामुळे पुढच्या वर्षी निम्म्या फोनांवर जुन्याच तारखा. २०२४ ला एकादशी १७ जुलैला होती, २०२५ ला ६ जुलैला. आमचे एक वीणेकरी बाबा मला वाल्ह्यात म्हणाले, "साहेब, तुमचं यंत्र अजून गेल्या वारीतच चालतंय. त्याला म्हणावं, दमलास का?"

आता ते ॲप फक्त भिशीचे (दिंडीच्या वर्गणीचे) पैसे कुणाचे आले, कुणाचे राहिले एवढ्यासाठी वापरतात. त्याला मात्र रोज लोक बघतात. हलके घ्या.

जुना_टाळकरी

बाळा, ते सर्व्हरचं मला कळत नाही. मी एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालो, बत्तीस वाऱ्या झाल्या. पण तू माळेचं विचारलंस आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

माळ नसली तरी दिंडीत घेतात, कुणी विचारत नाही. प्रमुखांना आधी भेट, भिशी भर, नाव लिही. तितके दिवस मटण-मासे, दारू, तंबाखू नाही. ओळ मोडायची नाही, वीणेकऱ्याच्या पुढं जायचं नाही. एवढं पाळलंस की झालं. आणि उत्साहात पंढरपुरात जाऊन माळ घालून येऊ नकोस. आजोबांची आहे म्हणून तर नकोच. ती जन्मभर पाळायची असते. घरी ये, वर्षभर राहा, मग बघ.

पायाचं: फोड फोडायचा नाही, ओवायचा. सुई जाळून घे, दोरा आरपार ठेव, पाणी झिरपून जातं. वाटेत पाय बघायला डॉक्टर मंडळी बसलेली असतात, त्यांना दाखवायला लाजू नकोस. मांड्या घासतात, पहाटेच खोबरेल लाव, हे कुणी सांगत नाही. तुटलेली चप्पल वाटेत फुकट शिवून देणारे भेटतात, त्यांच्या पाया पड.

आणि तुम्ही ते सकाळी उभं राहून बैठक घेता म्हणे, मुलगा सांगत होता. तर मुक्कामाची समाजआरती चुकवू नकोस. तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ एकदम वाजतायत, काही ऐकू येत नाही. चोपदार दंड उंच करतो की सगळं गप्प. त्यातही एखादी दिंडी टाळ वाजवतच राहते. तिची तक्रार आहे असा त्याचा अर्थ. पाणी आलं नाही, जागा मिळाली नाही, काही असेल. चोपदार तिच्याकडं जातो, ऐकून घेतो, मगच ते टाळ थांबतात. नंतर हरवलं-सापडलं सांगतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आरती होते. पहिल्या वर्षी मी चष्मा हरवला होता, तो तिथं मिळाला. काडी मोडलेली, पण मिळाला.

बार्शीचा_बारक्या

सगळ्यांचे आभार. बाबा, ते टाळांचं वाचून काल रात्री दोनदा उठलो. आमच्याकडं स्टँडअपला उलटं आहे. ज्याची काही तक्रार नाही तोच वाजवत बसतो.

प्रगती सांगतो. मॅनेजरशी बोललो. आधी म्हणाले, "लॅपटॉपनं काय बिघडतं?" मग मी ताईंची ट्रकची गोष्ट सांगितली. सकाळी पाच ते संध्याकाळी सहा लॅपटॉप दुसऱ्या रस्त्यानं जात असतो हे ऐकून ते जरा थांबले. माझा आठवडा दुसऱ्याकडं गेला, बदल्यात दिवाळीतला त्याचा मी घेतलाय. हे महागात पडलं की स्वस्तात ते कळेना.

वही लिहायला बसलोय. पहिल्याच दिवशी सापडलं की रात्री दोनचा बॅकअप माझ्या वैयक्तिक खात्याच्या चावीनं चालतो. मी नोकरी सोडली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. तीन वर्षं तसंच चाललंय.

'पुंडलिक वरदे'ची ओळ ठेवू की काढू असं सहकाऱ्याला विचारलं, आता डिप्लॉय तोच करणार म्हणून. तो केरळचा आहे. म्हणाला, अर्थ सांग आणि राहू दे, ती ओळ आली की मला कळतं की स्क्रिप्ट अडकलेली नाही.

फोन नेतोय. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "ने की. रोज रात्री कुठं मुक्काम पडला ते मला कोण सांगणार?"

निरेकाठची

ती चावी आधी बदल. वारीच्या आदल्या दिवशी नव्हे, आजच. आणि बदलल्यावर बॅकअप एकदा परत आणून बघ. नुसता घेतला म्हणून समाधान मानू नकोस.

दिवे घाटात दिसलास तर हाक मार. निळं जर्किन तेच आहे.

बार्शीचा_बारक्या

बदलली. परत आणूनही बघितला, दुसऱ्या प्रयत्नात आला.

एक शेवटचं. आजोबांच्या टाळांची दोरी तुटायला आलीय, काल वाजवून बघताना एक धागा सुटला. पुण्यात कुठं मिळेल? आणि दुकानातली नायलॉनची चालते का?

जुना_टाळकरी

नायलॉन घेऊ नको, तळहात सोलून निघतो. सुती घे. पुण्यात हिंडत बसू नकोस, आळंदीत टाळ-पखवाजाची दुकानं आहेत, तिथं ओवून देतात. एक दिवस आधी ये. जुनी दोरी फेकू नकोस, आजीला दे. आणि दोन दोऱ्या घे, एक लोणंदपर्यंतसुद्धा पुरत नाही.